सिस्टरांच्या दवाखान्याचा इतिहास: कोनशिला बाजूला ठेवा, बाळंतपणाचं रजिस्टर उघडा

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावी कॅथलिक सिस्टर्सनी काढलेल्या रुग्णालयाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होताहेत. स्मरणिकेसाठी त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, वैद्यकातलं मला काही कळत नाही. सिस्टर्सनी एक फाईल दिली आहे. तिच्यात कोनशिलेचा फोटो, उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आणि आजवरच्या सुपिरिअरांची, म्हणजे प्रमुख सिस्टरांची, यादी, एवढंच आहे. यावरून इतिहास कसा उभा करायचा? आणि मुळात या बायका एवढ्या लांबून मराठवाड्यात दवाखाना काढायला का आल्या?

उत्तर: सर, ती फाईल तूर्त कपाटात ठेवा.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयातून डीजीओ ही स्त्रीरोगाची पदविका करून 1986 साली अशाच एका सिस्टरांच्या दवाखान्यात लागले, ती निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. मी ख्रिस्ती नाही. वर्षभर करून बघू, मग औरंगाबादला स्वतःचं नर्सिंग होम काढू, असा बेत होता. तो बारगळला. पुढे आमच्या दवाखान्याचा आणि ओळखीतल्या आणखी दोन दवाखान्यांचा इतिहास जुळवायला मदत केली. तेव्हा ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून जरा लांबण लावते.

कोनशिलेपासून सुरुवात केलीत तर पहिल्याच ओळीत चुकाल. आमच्या कोनशिलेवर 1974 आहे आणि बाळंतपणाच्या रजिस्टरातली पहिली नोंद 1968ची. मधली सहा वर्षं दवाखाना होता कुठं? चर्चच्या मागे, फादरांच्या बंगल्याच्या पडवीत. एक टेबल, रॉकेलचा स्टोव्ह, सुया उकळायचं पातेलं आणि नर्सिंग झालेल्या दोन सिस्टर. डॉक्टर नव्हताच. कायमचा डॉक्टर आला तो इमारतीला छप्पर पडल्यानंतर. म्हणजे आधी नर्स, मग इमारत, मग डॉक्टर. शहरात हे उलटं असतं: डॉक्टर कर्ज काढतो, इमारत बांधतो, पाटी लावतो आणि मग ‘नर्स पाहिजे’ म्हणून जाहिरात देतो. हा क्रम डोक्यात पक्का ठेवलात की सिस्टरांच्या दवाखान्याची निम्मी कोडी सुटतात. बाळंतपणं एवढी का आणि ऑपरेशनं त्या मानानं कमी का, डॉक्टर टिकत का नसत, आणि डॉक्टर सोडून गेला तरी दवाखान्याला कुलूप का लागत नसे.

हा क्रम ठरला रोममध्ये. जाहीर व्रतं घेतलेल्या सिस्टरला डॉक्टरकी करायला चर्चच्या कायद्यात फार काळ मज्जाव होता. बाळंतपणं करणं तर त्याहून वर्ज्य. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं त्या खोलीत जायचंच कशाला, असा विचार. जखम बांधा, औषध द्या, आजाऱ्याजवळ बसा, इथवर चालायचं. याच्याविरुद्ध पहिली नेटानं भांडली ती ॲग्नेस मॅकलॅरन, एक स्कॉटिश डॉक्टर, साठीला आल्यावर कॅथलिक झालेली. रावळपिंडीत पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत आणि घरातच मरतात, हे कळल्यावर तिनं तिथं बायकांसाठी रुग्णालय उभं केलं आणि सिस्टरांना डॉक्टर होऊ द्या म्हणून रोमचे उंबरे झिजवले. 1913 साली ती वारली. तिच्याशी पत्रव्यवहार होता, पण भेट कधीच झाली नाही, अशी एक ऑस्ट्रियन मुलगी तिच्या सांगण्यावरून वैद्यक शिकली. ती ॲना डेंगल. 1920 साली ती रावळपिंडीला आली, चार वर्षं राबली आणि 1925 साली वॉशिंग्टनला तिनं मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. गंमत म्हणजे कायद्याच्या अडचणीमुळे या बायकांना सुरुवातीची दहा-अकरा वर्षं पूर्ण अर्थानं सिस्टर होताच आलं नाही.

त्याच 1920 साली मेरी ग्लोरी ऑस्ट्रेलियाहून गुंटूरला आली. ती आधी डॉक्टर झाली, मग सिस्टर. पोपची खास परवानगी काढून तिनं डॉक्टरकी केली, आंध्रात हजारो बायका तपासल्या आणि 1943 साली देशभरच्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना बांधली. आज तीच कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया. तुमचा दवाखाना बहुधा तिचा सभासद असेल. ऑफिसात विचारा, जुने वार्षिक अहवाल मिळाले तर तुमचं काम हलकं होईल.

सरसकट मोकळीक मिळाली 11 फेब्रुवारी 1936ला. सिस्टरांनी वैद्यक शिकावं, सुईणपणही शिकावं, असा आदेश निघाला. आता हिशेब करा. त्यानंतर संघात आलेली मुलगी आधी व्रतांची तयारी करणार, मग नर्सिंग, त्यातली एखादी पुढे डॉक्टर. पंधरा-वीस वर्षं सहज गेली. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच सिस्टरांच्या दवाखान्यांची जन्मसालं स्वातंत्र्यानंतरची सापडतात. त्यात 1962 ते 65 या काळात व्हॅटिकनची दुसरी महापरिषद झाली. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोकांच्या भाषेत म्हणायला परवानगी मिळाली, संघांनी आपापल्या नियमांकडे नव्यानं बघावं असं सांगण्यात आलं, आणि शहरातल्या कॉन्व्हेंट शाळांतून उठून दोन-तीन सिस्टरांनी खेड्यात घर करावं, हे वारं सुरू झालं. आमच्या पडवीतलं 1968 हे साल या वाऱ्यातलं आहे.

आता मराठवाडाच का. इथं कॅथलिक मिशन काही तेव्हा नवं नव्हतं. फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फ्रेंच फादर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वैजापूर तालुक्यातल्या माळीघोगरगावला येऊन बसले होते. वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात बैलगाडीनं आणि घोड्यावरून फिरणारे हे फादर गोळ्या-मलमं जवळ ठेवत, पण बाईला हात कोण लावणार? सुईण अडली की फादरांचा इलाज संपला. त्यामुळे फादरांची मागणी वर्षानुवर्षं एकच: सिस्टर पाठवा. त्यात आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे. सरकारी दवाखाने होते, युनानीही होते, पण मोठ्या गावांत. औरंगाबादला मेडिकल कॉलेज निघालं 1956 साली, अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकात, नांदेडचं 1988 साली. तोवर अडलेली बाई बैलगाडीत घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. चर्चच्या कारभारातही मराठवाडा कडेलाच होता, आधी नागपूरकडे, मग अमरावतीकडे. औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला 17 डिसेंबर 1977 रोजी. म्हणजे तुमच्या दवाखान्याचा पहिला पत्रव्यवहार औरंगाबादच्या बिशप हाऊसमध्ये शोधलात तर मिळायचा नाही. अमरावतीला विचारा.

पन्नास वर्षं म्हणजे तुमचा जन्म 75च्या आसपासचा. तेव्हा 72चा दुष्काळ सोडून चालणारच नाही. सिस्टर आल्या दवाखान्यासाठी, असं स्मरणिकांत लिहितात. पुष्कळ ठिकाणी त्या आल्या दुष्काळी कामावर. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसकडून अमेरिकी धान्य, तेल आणि दुधाची पावडर यायची, पाझर तलावाच्या नाहीतर विहिरीच्या कामावर ती मजुरीत द्यायची. सुकडी (दुष्काळातलं पोषक पीठ) आणि मिलो (लाल अमेरिकी ज्वारी) हे दोन शब्द गावातल्या कुठल्याही सत्तरीच्या माणसापुढे उच्चारा, अर्धा तास बोलेल. दुधाच्या रांगेत सिस्टरांना रोज दिसायची ती सुजलेल्या पोटांची लेकरं आणि पायाला चिंधी बांधलेली माणसं. त्या रांगेतून ओपीडी सुरू झाली. तुमच्याकडे तसं झालं का, ते तपासा. दुष्काळ संपल्यावर सिस्टर परत का गेल्या नाहीत, या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तुमचं पहिलं प्रकरण.

चिंधी कशाची, तर नारूची. तुमच्या विद्यार्थ्यांना हा शब्दही माहीत नसेल. पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर नारूची अळी पोटात जायची आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. हातभर, कधी त्याहून लांब. ओढला की तुटतो, तुटला की पाय सडतो. आमच्या जुन्या सिस्टर तो काडेपेटीच्या काडीवर गुंडाळत. पाय पाण्यात बुडवायचा, जंत सैल झाला की काडीला अर्धा वेढा, फार तर एक, वर फडकं बांधायचं आणि ‘उद्या’. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. एका पेशंटला तीन-तीन आठवडे. मी रुजू झाले तेव्हा शेवटचे शेवटचे नारू येत होते. मला घाईनं एक ओढायचा होता, तर सिस्टरनी माझ्या हातातून काडी काढून घेतली. तेव्हा राग आला होता. फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला, तो औषधानं नव्हे. बारवा बुजवून, हातपंप बसवून आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळून. बारव पक्की कुणी बुजवली, कुणाच्या विरोधाला तोंड देऊन, हे गावात विचारा. बारव म्हणजे देव असतो, भांडण झालंच असणार.

जमिनीचं एका परिच्छेदात उरकते, कारण ते किचकट आहे पण रटाळ. सातबारा आणि जुने फेरफार तलाठ्याकडून काढा. खासरा पाहणी पत्रक मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुणबी नोंदी शोधणारी शिंदे समिती आल्यापासून तहसीलमध्ये निजामकालीन कागदांना हात लावायची लोकांना सवय झाली आहे, तिचा फायदा घ्या. कागद उर्दूत आणि फसली या निजामाच्या महसुली सनात असेल. फसलीत 590 मिळवा, म्हणजे इसवी सन येतं, पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, तेव्हा जानेवारीनंतरच्या तारखेला 591. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत ट्रस्टची मालमत्ता आणि विश्वस्तांचे बदल असतात, ते पाहा. इमारतीचा पैसा परदेशातून आला असेल तर जर्मन बिशपांच्या मिझेरेओर या संस्थेचं नाव बहुधा कुठंतरी सापडेल. ती 1958 साली निघाली आणि तिनं भारतात अशी पुष्कळ रुग्णालयं बांधायला मदत केली. पण स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापून पानं भरू नका. वॉर्डाच्या कॉटवर कुणाकुणाची नावं रंगवली आहेत ते बघा. गावातल्या आडत्यानं दिलेली कॉट जर्मन पैशाइतकीच बोलते.

आता खऱ्या कामाचं. बाळंतपणाचं रजिस्टर मागा.

आमचं पहिलं रजिस्टर म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही. पानावर पट्टीनं आखलेले रकाने: क्रमांक, तारीख, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, कितवं बाळंतपण, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, शेरा. वाचताना ओळीनं वाचू नका, एक-एक रकाना वरून खाली वाचा. ‘गाव’ वाचत गेलात तर पहिल्या दोन वर्षांत चालत येण्याजोगी चार-पाच गावं दिसतात. मग अचानक पंचवीस किलोमीटरवरची नावं येतात. एसटीची मुक्कामी गाडी सुरू झाली ते साल! पुढे काळी-पिवळी जीप आली की आणखी लांबची. ‘वेळ’ वाचा: रात्रीची बाळंतपणं सुरुवातीला कमी आहेत. रात्री बायका अडत नव्हत्या थोड्याच. रात्री कुणी आणत नव्हतं. ‘कितवं’ वाचा: सातवं, नववं, अकरावं. मग हळूहळू तिसरं, दुसरं. ‘वजन’ हा रकाना कित्येक वर्षं कोराच आहे, म्हणजे तराजू नव्हता. तराजू आल्यावरचा पहिला आकडा मी बघितला तेव्हा त्याच्याखाली सिस्टरनी दोन रेघा मारल्या होत्या, आनंदानं असाव्यात.

आमच्या पट्ट्यातला आणखी एक ठोका त्यात ऐकू येतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघायचा. मुकादमाची उचल घेतलेली टोळी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, पोटुशी बायकांसकट. नोव्हेंबरपासून डोंगरपट्ट्यातली गावं रजिस्टरातून गायब, ती चैत्र-वैशाखात परत. येतात ती ‘शेरा’ या रकान्यात: ‘पहिलं फडावर गेलं’, ‘ट्रकमध्ये झालं, मेलं’. लेकरू गेलं, असं सिस्टर लिहीत नसत. सिस्टर केरळच्या, आणि मल्याळी बाईचं मराठी सरळ असतं.

मुलगा-मुलगी हा रकाना तर जपून वाचा. पहिलटकरणीच्या नोंदीत मुलगे आणि मुली जवळपास सारख्या. ज्यांना आधीच्या दोन मुली आहेत, त्यांच्या नोंदी नव्वदनंतर विरळ होत जातात. त्या बायका कुठं गेल्या हे आम्हाला माहीत होतं, गावाला माहीत होतं. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या तेव्हा राज्य हादरलं, आमच्या रजिस्टराला ते आधीच कळलं होतं. कुणी बघितलं नाही इतकंच. मीही नाही. तुमच्या ओटी, म्हणजे ऑपरेशनच्या, रजिस्टरात गर्भाशय काढलेल्या बायकांची वयंही पाहा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांवरून 2019 साली चौकशी समिती बसली. त्या काळात तुमच्या दवाखान्यानं काय केलं हे अभिमानानं लिहिता येतं की ओशाळून, ते त्या रकान्यावरून कळेल.

आणि अक्षर बघा. आमच्या रजिस्टरात 30 सप्टेंबर 1993 पासून पुढचे नऊ दिवस अक्षर बदललं आहे. किल्लारी. पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला, सकाळी रेडिओवर कळलं, दुपारी रजिस्टर लिहिणारी सिस्टर जीपमध्ये बसून गेली. नऊ दिवस तिच्या जागी एएनएमची, म्हणजे नर्सिंगची, विद्यार्थिनी लिहीत होती. ‘मुलगी’ऐवजी प्रत्येक ठिकाणी ‘मूलगी’. सिस्टर परत आल्या त्या दिवशीच्या नोंदीत त्यांचं अक्षर पुन्हा सुरू होतं, पण ओळी तिरक्या गेल्या आहेत. किल्लारीबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत.

इथं माझा गुन्हा सांगून टाकते. 1997 साली सोनोग्राफीसाठी खोली पाहिजे होती. जुन्या केसपेपरांची बारा-तेरा पोती त्या खोलीत होती. वाळवी लागलीय, म्हणून मीच रद्दीवाल्याला बोलावलं. किलोवर गेली. 68 ते 85 या काळातला प्रत्येक ताप, प्रत्येक विंचू, प्रत्येक घोणस त्या पोत्यांत होती. रजिस्टरं वाचली ती एका म्हाताऱ्या सिस्टरनी चॅपेलमागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, मिसेच्या कपड्यांखाली ठेवली होती म्हणून. तेव्हा तुमच्याकडे ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर चॅपेल बघितल्याशिवाय मागं फिरू नका.

दुसरी वही म्हणजे घराची रोजनिशी. बहुतेक संघांत प्रत्येक घराची एक वही असते, क्रॉनिकल म्हणतात, आणि एक सिस्टर ती लिहीत असते. ती सहजी देणार नाहीत. त्यात घरातली भांडणंही असतात. प्रांतप्रमुख सिस्टरांना लेखी पत्र द्या आणि वही नको, दवाखान्यापुरते उतारे वाचून दाखवा, म्हणा. भाषा इंग्रजी असेल, कधी मल्याळम. मोठ्या घटना शोधू नका. ‘आज टँकर आला नाही’, ‘कंदिलाची काच फुटली, संध्याकाळची प्रार्थना अंधारात’, असल्या ओळी उतरवून घ्या. सिस्टरांची दर काही वर्षांनी बदली होते, त्या मागे काही ठेवत नाहीत; ती वही सोडली तर त्यांचा ठसा कुठंच नाही.

नर्सच्या भरवशावर दवाखाना चालतो म्हणजे काय, ते एका रात्रीवरून सांगते. माझं पहिलंच वर्ष. रात्री दोनला बैलगाडीत बाई आणली, आठवा महिना, अंगावर सूज, झटके येत होते. गावात देवऋषी करून झालं होतं. मी घाटीत अशा बाया पाहिल्या होत्या, पण तिथं माझ्यावर हाऊसमन, रजिस्ट्रार, मॅडम अशी उतरंड होती. इथं मी आणि पेट्रोमॅक्स. मी पुस्तक आठवत उभी, तोवर सिस्टरनी बाईला कुशीवर वळवलं होतं, जिभेला जपून तोंडात कापडाची गुंडाळी घातली होती, दाब मोजला होता आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. ‘डॉक्टर, शिरेतून तुम्ही द्या. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मी देते.’ मग पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासानं त्या तळहाताच्या कडेनं बाईच्या गुडघ्याखाली टकटक करत होत्या. गुडघा उडाला नाही की औषध जास्त झालं, पुढचा डोस थांबवायचा. हातोडी नव्हती असं नाही, पण हातोडीचा थंडगार स्पर्श झाला की बाई दचकते आणि पुन्हा झटका येतो, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकात हे नाही. बाई वाचली, मूल गेलं. असे दवाखाने हे अशा सिस्टरांच्या हातांत होते. आम्ही डॉक्टर येऊन-जाऊन.

धनुर्वाताचंही तसंच. पाचवी पुजून झाली, सहाव्या-सातव्या दिवशी लेकरानं दूध सोडलं की लोक म्हणायचे सटवाईनं नेलं. नाळेला शेण-राख लावायची आणि विळ्यानं कापायची, त्याचं ते फळ. सिस्टरांनी सुरुवातीला सुईणींशी वैर धरलं आणि बाळंतपणं अजून लपून होऊ लागली. मग कुणातरी शहाण्या सिस्टरनी सुईणींनाच बोलावून चहा पाजला, ब्लेड, दोरा, साबण दिला. आमच्या भागातल्या दोन सुईणी पुढे दवाखान्यात आया म्हणून लागल्या. त्यांच्या बोटांना जे कळायचं ते मला सोनोग्राफीत दिसायचं.

विंचवाचं सांगितल्याशिवाय मराठवाड्यातल्या दवाखान्याची गोष्ट पुरी होत नाही. लाल विंचू चावलेली लेकरं घामानं निथळत यायची आणि छातीत पाणी होऊन जायची. त्यावर प्राझोसिन चालतं हे जगाला दाखवून दिलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, काम केलं महाडला, पण माणूस जालना जिल्ह्यातल्या देहेडचा. ती गोळी आमच्या कपाटात आली त्यानंतर विंचवानं गेलेलं लेकरू मला बोटांवर मोजता येतं.

रक्ताचा मुद्दा डॉक्टर सोडून कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. नव्वदच्या दशकापर्यंत बाळंतीण रक्तानं भिजली की तिच्या भावाला कॉटशेजारी निजवायचं, गट जुळवायचा, तपासायचं तेवढं तपासायचं आणि रक्त काढून लगेच लावायचं. 1996 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 1998 पासून विकत रक्त देणारे बंद झाले आणि परवानाधारक रक्तपेढीशिवाय रक्त द्यायचं नाही हे कडक झालं. निर्णय योग्यच होता. एड्सचा काळ होता. पण जिल्ह्याच्या गावाला जाऊन बाटली आणायला चार तास लागत, आणि बाई अर्ध्या तासात जाते. पुढे लहान रुग्णालयांना रक्त साठवून ठेवायची परवानगी मिळाली. मधल्या दोन-तीन वर्षांत आमच्या रजिस्टरात ‘पुढे पाठवली’ हा शेरा किती वेळा आला ते मी मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

आता अवघड गोष्टी. स्मरणिकेत त्या कुणी छापत नाही, तुम्ही निदान विचारा.

पहिली, कुटुंबनियोजन. कॅथलिक रुग्णालयात नसबंदी होत नाही, गर्भपात तर नाहीच. याचा अर्थ गावात काय होतो? चौथ्या सिझेरियनला पोट उघडं आहे, दोन मिनिटांचं काम आहे, बाई स्वतः हात जोडते आहे आणि मला नाही म्हणावं लागतं. तिला महिन्याभरानं सरकारी शिबिरात पाठवायचं. एक गेली नाही, सासूनं पाठवली नाही. दीड वर्षानं ती जुना टाका फाटून आली. त्या रात्रीनंतर मी सिस्टरांशी तोंड भरून भांडले. त्यांनी ऐकून घेतलं, नियम बदलला नाही. मीही नोकरी सोडली नाही. दोन्ही बाजू लिहाव्यात असं मला वाटतं, कारण आजूबाजूच्या कित्येक बायकांनी हा दवाखाना या एका कारणानं टाळला.

दुसरी, धर्म. दवाखाना मिशनच्या पोटी जन्मला हे लपवू नका. भिंतीवर क्रूस आहे, सकाळी प्रार्थना होते, सगळ्यांना दिसतं. उपचारासाठी कुणाला धर्म विचारलेला मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. सुरुवातीच्या काळात उलट भिंत होती: सवर्ण घरची बाई बाटेल म्हणून दवाखान्याचं पाणी प्यायची नाही, घरून तांब्या आणायची, कारण पाणी भरणारी मावशी ख्रिस्ती आणि त्याआधीची महार होती. तो तांब्या कधी बंद झाला, हे विचारा.

तिसरी, आयांचे पगार. सेवेच्या नावाखाली सिस्टर स्वतः पगार घेत नाहीत, ते ठीक. पण त्याच मापानं मावश्यांनाही मोजलं गेलं. आमच्याकडे त्यावरून एकदा दोन दिवस काम बंद पडलं होतं. रोजनिशीत त्याला ‘गैरसमज’ म्हटलं आहे.

उतरणीचं थोडक्यात. तालुक्यात खासगी नर्सिंग होम निघाली, 2005 पासून सरकारी दवाखान्यात बाळंत झालं की पैसे मिळू लागले, 2014 साली 108ची गाडी दारात यायला लागली. हे सगळं चांगलंच झालं. केरळातून संघात येणाऱ्या मुली आटल्या, परदेशी देणगीचे नियम 2020 साली आणखी आवळले गेले, पैसा दिल्लीतल्या एकाच बँक शाखेतून यायचा, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येईना. ज्या दवाखान्याचा कणा बाळंतपण होतं, त्याची बाळंतपणंच गेली. कुणी डायलिसिस सुरू केलं, कुणी म्हाताऱ्यांचं घर. तुमच्या दवाखान्यात आज लेबर रूममध्ये काय ठेवलं आहे ते स्वतः जाऊन बघा.

माणसं कुणाची गाठायची? सुपिरिअर शेवटी. आधी सर्वांत जुनी मावशी, जीपचा ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली बाई, गेटवरचा माणूस. ‘इतिहास सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो. त्याऐवजी विचारा: पाणी कुठून यायचं? रात्री सिस्टरांना कोण उठवायचं, खिडकीवर टकटक की घंटा? मेलेलं लेकरू कुठं पुरायचे? हा शेवटचा प्रश्न घाईत विचारू नका, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारा. आमच्याकडे चिंचेखाली, कुंपणाच्या आतल्या बाजूला. जात-धर्म न बघता. त्या जागेचा उल्लेख कुठल्याही कागदात नव्हता, फक्त जुन्या माळ्याला माहीत होती.

आणि रजिस्टराच्या पानाचा फोटो छापणार असाल तर बाईचं आणि नवऱ्याचं नाव कागदाच्या पट्टीनं झाका; त्यातल्या कित्येक अजून हयात आहेत, त्यांच्या सुनाही त्याच दवाखान्यात येतात. आमच्या पहिल्या पानावर मात्र झाकायला फारसं काही नव्हतं. पहिल्या नोंदीत बाईच्या नावाच्या रकान्यात सिस्टरनी लिहिलं आहे: ‘पाटलाच्या मळ्यातली’. वेळ पहाटे साडेचार. मुलगी. वजन कोरं.